गुडमारचं पान

आमच्या शेजाऱ्याच्या कुंपणावर गुडमारचा वेल आहे. त्याचं पान चावलं की घटकाभर साखर तोंडात रेतीसारखी लागते. शुगर त्यालाही आहे, मलाही. त्यामुळे लग्न कुणाचंही असो, पंगतीत तो मला शेजारी ओढून बसवतो आणि बुंदीची बादली दिसली की खिशातून दोन पानं काढतो. एक स्वतःच्या गालात, एक माझ्या हातावर.

"चाव लवकर, भाऊ. वाढपी जवळ येऊन राह्यला."

डॉक्टरची गोळी तो चुकवत नाही. "गोळी रगतासाठी, पान जिभेसाठी," म्हणतो. मग बुंदीचा दाणा चाखून "रेती हाये, रेती!" असं इतक्या आनंदाने ओरडतो की आचारी पार तिकडून डोळे वटारतो. मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

परवा दुसरबीडला त्याच्याच लेकीचं लग्न झालं. पंगतीत फिरत तो माझ्यापाशी आला. बादली दिसताच मी सवयीने हात पुढे केला. त्याने तो खाली दाबला.

"आज नाही. माह्या पोरीच्या लग्नाची बुंदी हाये. चिमूटभर खाय, पण गोड खाय."

बादलीतून थोडी बुंदी उचलून त्याने चिमूटभर माझ्या ताटात टाकली, उरलेले दाणे स्वतःच्या तोंडात टाकले आणि चावता चावता थांबला. ओठाच्या कोपऱ्यात हिरवा रस होता. पंगत बसली तेव्हाच सवयीने पान गालात गेलं होतं.

कपाळावर हात मारून तो हसत सुटला. मग माझ्या ताटापुढे उकिडवा बसला.

"आता तूच सांग मले, भाऊ. कशी झाली?"