सितारामने गिळलेली ओळ

सकाळी उठला की तोंडही न धुता सिताराम घायपाताच्या पानांवर मोगरी घालायचा. कुजवलेलं पान दगडावर ठेवून असा हाणायचा, की हिरवं पाणी भिंतीपर्यंत उडायचं. तेव्हा तो बोलत नसे. दोर वळताना बोलायचा, पायाच्या अंगठ्यात दोर अडकवून, नजर वाटेवर ठेवून. चहा बशीतच. भाकरीचा पहिला तुकडा कुत्र्याला. रविवारी प्रार्थनेला जाताना पांढरा सदरा आणि कमरेला मागून खोचलेली कुऱ्हाड. ती तो प्रार्थनाघराच्या दाराबाहेर चपलांशेजारी ठेवायचा. निघताना आधी कुऱ्हाड उचलायचा, मग चपला घालायचा.

आणखी एक. प्रभूची प्रार्थना तो सगळ्यांबरोबर मोठ्याने म्हणायचा, पण एका ओळीला तोंड मिटायचा. देवाच्या इच्छेप्रमाणे होवो, ही ती ओळ. पुढच्या ओळीत रोजच्या भाकरीच्या मागणीला त्याचा आवाज परत यायचा, आधीपेक्षा मोठा.

मी ख्रिस्ती नाही, आमचं घर बौद्ध. मराठी घेऊन बी.ए. झालो आणि नोकरीविना गावात बसलो. गाव पालमपासून दोन कोसांवर. दुपारी त्याच्या ओट्यावर जायचो. तो मला ‘बीए’ म्हणायचा.

बाहत्तरच्या उन्हाळ्यात त्याचा धाकटा भाऊ मुंजाजी मारला गेला. पाण्याचा टँकर आला होता. मुंजाजीने घागर लावली. भुजंग नावाच्या शेतकऱ्याने ती लाथेने उडवली. म्हणाला, “तुमचं मागून.” मुंजाजीने त्याची गचांडी धरली. भुजंगने बैलगाडीतून कुऱ्हाड काढली. पहिला घाव खांद्यावर, दुसरा मानेवर. सिताराम घायपात तोडायला गेला होता. तो पळत आला तेव्हा बाया रक्ताला वळसा घालून पाणी भरत होत्या. टँकर परत जाणार होता.

कोर्टात दोन साक्षीदारांनी काही पाहिलंच नाही. भुजंग सुटला आणि पूर्णेकडे सासुरवाडीला जाऊन राहिला.

त्यानंतर सितारामने घरामागे बाभळीचं खोड उभं केलं. रोज संध्याकाळी त्यावर कुऱ्हाड चालवायची. खोडाला माणसाच्या गळ्याच्या उंचीवर खाच पडली. मुंजाजीची बायको सत्यशीला लेकराला मांडीवर घेऊन समोर बसायची.

“भावजी,” एकदा म्हणाली, “हात अजून हलका पडायलाय.”

त्याने पुन्हा हाणलं. ढलपी तिच्या पायाशी पडली. तिने ती चुलीसाठी उचलली.

प्रार्थनासभेत प्रत्येकाने आपलं मागणं सांगायची रीत होती. कुणी पोराची नोकरी मागायचं, कुणी खोकल्याला उतार. सिताराम दर रविवारी एकच मागायचा, “भुजंग माज्या हाती लागू दे.” बाया मान खाली घालायच्या. एकदा सभा संपल्यावर पाळक भगवानरावांनी त्याला थांबवलं. मीही दारात होतो.

“सिताराम, ती ओळ गिळतोस तू.”

“देवाम्होरं खोटं कसं बोलू, पास्टर?”

“खोटं कशाला? आदी त्याला काय पायजे ते माग. मग तुजं माग.”

“अन् त्याला भुजंग जिता पायजे असंल तर?”

भगवानरावांनी हातातलं बायबल मिटलं. मग म्हणाले, “तर तुजं मागणं ऱ्हाऊन जाईल.”

“म्हणून तर म्हणत न्हाई.”

सिताराम हसला आणि बाहेर जाऊन त्याने कुऱ्हाड उचलली.

पंच्याहत्तरच्या माघात एका बाजाराला मी त्याच्याबरोबर पालमला गेलो. कासरे, दावी मांडून बसलो होतो. दुपारी बैलबाजारातून आरडाओरडा आला. आमच्या गावच्या दत्तरावाचा चोरीला गेलेला बैल सापडला होता आणि तो विकायला आणणारा माणूसही. वीस-पंचवीस जण त्याला फरफटत आणत होते. त्याचं धोतर सुटलं होतं. एक डोळा दिसत नव्हता. कुणीतरी आमच्या पथारीवरचा कासरा न विचारता उचलला आणि त्याला कडुलिंबाला बांधलं. काठ्या पडू लागल्या. नडगीवर काठी बसली आणि हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. तो माणूस आईचं नाव घेऊन ओरडला. तेव्हा आवाजावरून मला कळलं, हा भुजंग आहे.

सितारामला आधीच कळलं होतं. तो उभा राहिला होता.

दत्तरावानेही भुजंगला ओळखलं. हात वर करून त्याने काठ्या थांबवल्या.

“सरका रे. सितारामाच्या भावाला मारलंय ह्यानं. सितारामा, ये. पहिला मान तुजा.”

लोकांनी वाट करून दिली. कुणी त्याच्या पाठीवर थोपटलं. “एकाच घावात न्हाई हां, दादा,” एक जण म्हणाला, आणि बाकीचे हसले.

सितारामने कमरेची कुऱ्हाड काढली. तो भुजंगसमोर गेला. भुजंगने मान वर केली, ओळखलं, आणि त्याच्या पायावरून मूत गळायला लागलं. तीन वर्षं मागितलेलं मागणं समोर बांधून ठेवलं होतं. मी मनात म्हणालो, झालं. खरं सांगायचं तर, हाण, असंही म्हणालो.

सिताराम प्रार्थना म्हणू लागला. मोठ्याने, रविवारच्या आवाजात. देवाचं नाव, देवाचं राज्य, आणि त्या ओळीशी येऊन थांबला. दोनदा तोंड उघडलं, दोनदा मिटलं. मग त्याने ती ओळ म्हटली. ओकारी यावी तशी ती बाहेर आली.

त्याने कुऱ्हाड उचलली आणि एका घावात कासरा तोडला.

भुजंग खाली कोसळला. सितारामने कुऱ्हाड टाकली, त्याला खांद्यावर घेतलं आणि पोलीस चौकीची वाट धरली.

“पुस्तक वाचून बायल्या झालास व्हय रे?” दत्तराव ओरडला. “ठेव त्याला खाली!”

पहिला दगड त्याच्या पाठीवर बसला. मग काठ्या. तो वाकला, पण चालत राहिला. कानामागून रक्त सदऱ्यात उतरत होतं. चौकी शंभर पावलांवर होती. मी बाजाराच्या भिंतीला टेकून बघत उभा होतो, मधे पडलो नाही. चौकीच्या पायरीवर कुणीतरी त्याच्या डोक्यात मागून बैलगाडीची खुंटी घातली. तो भुजंगच्या अंगावर पडला. पुढचे चार-पाच घाव त्याच्याच पाठीने घेतले. मग शिपाई बाहेर आले.

दोघांनाही परभणीच्या दवाखान्यात नेलं. भुजंगचा पाय वाचला. सिताराम दोन दिवस बेशुद्ध होता. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याने डोळे उघडले.

“सत्यशीला आली?”

“नाही, दादा.” ती येणार नाही म्हणाली होती, हे मी सांगितलं नाही.

“कागद हाय का, बीए? लिही.”

मी लिहिलं. तो एकेक शब्द जुळवत सांगत होता. सत्यशीला, तो माज्या हातात होता. मी हाणलं न्हाई. तुला राग आला असंल. मी हाणलं न्हाई, कारण

“थांब,” तो म्हणाला. “हे नीट सांगाय पायजे.”

मी पेन्सिल धरून बसलो. त्याचे डोळे छताकडे होते. काही वेळाने नर्सबाई आली, तिने त्याचं मनगट धरलं आणि मला उठायला सांगितलं.

त्याला माती दिल्यावर मी सत्यशीलेला कागद वाचून दाखवला.

“कारण काय?” तिने विचारलं.

“तेवढंच सांगितलं त्यांनी.”

“तुमी शिकलेले हाव, भाऊ. पुरं करा की.”

मी बसून पुढे सहा ओळी लिहिल्या, देवाबद्दल, त्या ओळीबद्दल. वाचून दाखवल्या. ती शेवटपर्यंत ऐकत राहिली.

“हे तुमचं हाय,” ती म्हणाली. “भावजीचं न्हाई. खोडा.”

मी खोडल्या.