दुपारचा भाव

उन्हाला शिव्या देणं नागपूरकराला नवीन नाही. पण मी त्या जानेवारीतही देत होतो, आणि घामाचा त्याच्याशी संबंध नव्हता.

शहराबाहेरच्या एका छोट्या खासगी कोळसा केंद्राची वीज मी बाजारात विकायचो. उद्या कोणत्या वेळी किती वीज देऊ आणि काय भावाने, हे आज सकाळीच कॉम्प्युटरवर भरायचं. पंधरा-पंधरा मिनिटांचे शहाण्णव रकाने. देशभरातले विकणारे तेच करत. आपला भाव चढा ठरला की आपली वीज पडून. ही नोकरी मला भाऊजींमुळे लागली होती. ते, म्हणजे बहिणीचे यजमान, त्याच केंद्रात बॉयलर सांभाळत, आणि त्यांच्या निवृत्तीला तीन वर्षं होती.

आधी दुपारीही बरा भाव मिळायचा. मग राजस्थान-गुजरातकडून सौर वीज इतकी येऊ लागली की दुपारच्या विजेला कोणी विचारेना. सूर्य बुडाला की मात्र सगळे आमच्या दारात. पण बॉयलर म्हणजे गॅसची शेगडी नव्हे. विझवला की पुन्हा तापायला तासन् तास लागतात. दुपारी चालू ठेवावा तर तोटा, बंद करावा तर संध्याकाळ हातची जाते. इकडे आड, तिकडे विहीर.

बॉयलर पेटवताना नारळ फोडायची भाऊजींची रीत होती. पूर्वी तो वर्षातून एकदा, मोठ्या दुरुस्तीनंतर फुटायचा. आता आठवड्यातून दोनदा फुटू लागला. "प्रसाद खाऊन खाऊन सगळ्याइचं पोट बिघडून राहिलं गा," म्हणायचे. पुढे आतल्या नळ्यांना भेगा पडल्या आणि त्यांची चेष्टा थांबली.

"असं घडीघडी तापवून थंड केलं तं लोखंड मरते," ते मला म्हणाले. "दुपारचा भाव पाड, पण बंद नको होऊ देऊ."

मी पाडला, खर्चाच्याही खाली. इतर कोळसेवाल्यांनीही तेच केलं असावं, कारण दुपारचा भाव आणखीच घसरला. शुद्ध मूर्खपणा होता तो, आणि मी तो नीट रकाने भरून केला.

शेवटी मालकांनी अहवाल मागितला: केंद्र चालवावं की नाही? भाव मला ठाऊक, म्हणून मीच लिहायचा. सहा दिवस घोळ घातला. कुठूनही मांडा, उत्तर एकच येई. दोष सौर विजेला द्यावा, तर ती वाईट नव्हतीच. 'बंद करावे' असं लिहून सही केली.

केंद्राला कुलूप लागल्यावर महिन्याभराने कुही गावी भाऊजींच्या घरी जेवायला गेलो.

"कोनं लिहिलं असन ते?" भाऊजींनी विचारलं.

"वरून आलं," मी म्हणालो. मला स्वतःची किळस आली. बहीण वाढता वाढता माझ्याकडे पाहत राहिली.

"तुले तं ठेवलं ना?" भाऊजी म्हणाले.

ठेवलं होतं. मालकांनी आता सौर प्रकल्प घेतला होता आणि मी त्याची वीज विकत होतो. मी मान डोलावली.

"बरं झालं. सोलरच्या काचा पुसाले मानसं लागतेत म्हनतेत. माह्यासाठी पाहून घे ना गा."

"बघतो," म्हणालो आणि जेवत राहिलो. तिथे काचा पुसायला यंत्र होतं.