गुणवंतीची सही

हर्णेच्या बंदरात संध्याकाळी लिलाव सुरू झाला की गुणवंती पट्टी ठोकलेली फळी मांडीवर घेऊन बसायची. पापलेट, सुरमई, हाती लागेल त्या माशाची लांबी मोजून वहीत लिहायची. मत्स्यशास्त्रातली मोठी पदवी, आणि नोकरी एका सल्लागार संस्थेत, अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर. तिची आई तुळसा त्याच बंदरात मासळी विकते. "येवढी शिकलीस नि परत माशांतच बसलीस गो," असं बायका चिडवायच्या. तिला त्याचं काही वाटत नसे. दर्यात काय उरलंय हे कुणीतरी मोजायलाच हवं, आणि ते इथल्या माणसाने मोजलेलं बरं, एवढं तिचं साधं म्हणणं.

यंदा समुद्रतळाची वाळू उपसायचा प्रकल्प निघाला. त्या पट्ट्यात मासेमारी चालते का, हे पाहायचं काम तिच्याच संस्थेला मिळालं. साहेब मंडळी आली कधी, तर जुलैत. पावसाळी बंदी चालू, होड्या किनाऱ्यावर झाकलेल्या, जाळी घरात. साहेबांनी दोन दिवस दुर्बीण लावली आणि लिहून टाकलं, 'या पट्ट्यात मासेमारी आढळली नाही.' खाली 'स्थानिक शास्त्रज्ञ' म्हणून गुणवंतीचं नाव छापलेलं. सही तेवढी बाकी होती.

तिने दोन वर्षांच्या वह्या पुढे केल्या. साहेबांनी त्या उघडल्यासुद्धा नाहीत. अडाण्याला समजावता येतं हो, पण शिकल्यासवरलेल्याने डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं तर काय करायचं? घरी तुळसाने सगळं ऐकलं आणि म्हणाली, "मे महिन्यात शालेत जाऊन पोरां मोजलीत, तर किती गावतील?"

गुणवंतीने सही केली नाही. करार संपला, नवा मिळाला नाही. सही दुसऱ्याच कुणीतरी ठोकली.

मग जनसुनावणी लागली, ती नारळी पौर्णिमेनंतरच्या आठवड्यात. बंदी उठलेली, गावातल्या झाडून सगळ्या होड्या दर्यात गेलेल्या. होड्या घरी तेव्हा मोजणी, होड्या दर्यात तेव्हा सुनावणी. याला योगायोग म्हणणाऱ्याने हर्णेत येऊन म्हणून दाखवावं.

"मच्छीमारांची हरकत दिसत नाही," म्हणत अधिकारी कागद आवरू लागले, तेवढ्यात तुळसा वीस-बावीस मासळीवाल्या बायकांना घेऊन सभागृहात शिरली. पुढे गुणवंती. ती वही उघडून वाचू लागली.

"तुम्ही कोणत्या संस्थेतर्फे?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"कुठल्याच नाही."

"मग हे आकडे नोंदवता येणार नाहीत."

गुणवंतीच्या अंगाचा तिळपापड झाला. दोन वर्षं चिखलात बसून मोजलेलं सगळं एका वाक्यात केराच्या टोपलीत. पण तिने वही मिटली.

"आकडे राहू द्या. तीन तारखा लिहा. पाहणी झाली ती, बंदी उठली ती, नि आजची. त्यांना तर संस्था लागत नाही ना?"

लेखनिकाने अधिकाऱ्यांकडे पाहिलं. अधिकारी पुन्हा कागद आवरू लागले. बायका जागच्या हलल्या नाहीत. शेवटी लेखनिकाने तिन्ही तारखा लिहिल्या.

गुणवंतीने त्या दोनदा वाचल्या, आणि मग खाली सही केली.