चेंजरमधली राळ

आर्म उचलला गेला, अर्ध्या वाटेपर्यंत आला आणि तिथेच हवेत लटकून राहिला. खाली थाळी थांबली होती. मोटर मात्र घरघर करत फिरतच होती.

"बघा," सुरेशसर म्हणाले. "दिवसातून दहा वेळा हे असंच. मग नाना खोलीतून हाका मारतात. बायको हातातलं काम टाकून धावते. ढकललं की दोन रेकॉर्डी वाजतात, की पुन्हा हे असं."

सुरेशसर शिरपूरच्या शाळेत शिक्षक. नाना म्हणजे त्यांचे वडील. सर चेंजर गोधडीत गुंडाळून एसटीने धुळ्याला आमच्या दुकानात घेऊन आले होते. मी तिथे रेडिओ, अ‍ॅम्प्लिफायर आणि रेकॉर्ड प्लेअर दुरुस्त करायचो. साल शहाऐंशी की सत्त्याऐंशी, नक्की आठवत नाही. मे महिना होता एवढं पक्कं, कारण त्या दिवसांत आमचं वर्कशॉप म्हणजे भट्टी असायची आणि मी बनियनवर काम करायचो.

रेकॉर्ड चेंजर आता कुणी पाहिलेला नसेल, म्हणून थोडक्यात सांगतो. साध्या प्लेअरवर एक रेकॉर्ड ठेवायची, हाताने सुई टेकवायची, संपली की उचलायची. चेंजरला मधोमध उंच दांडा असतो. त्यावर सहा-आठ रेकॉर्डींची थप्पी अडकवून ठेवायची. एक खटका सरकवला की खालची रेकॉर्ड थाळीवर पडते, आर्म आपणहून येतो, सुई टेकवतो. गाणी संपली की आर्म बाजूला होतो, दुसरी रेकॉर्ड पडते, आर्म परत येतो. तीन-चार तास कुणी हात लावायची गरज नाही. मला विचाराल तर त्यानंतर आलेल्या कुठल्याही यंत्रात एवढी अक्कल मी पाहिली नाही. आत एकही इलेक्ट्रॉनिक भाग नाही. सगळा कारभार दातेरी चक्रांचा, स्प्रिंगांचा आणि एका रबरी चाकाचा.

"कधीपासून होतंय?" मी विचारायच्या आत सरांनीच आवाज खाली आणला. "खरं सांगू का मिस्तरी, दुरुस्त होत नाही असंच सांगून टाका. मी त्यांना टू-इन-वन घेऊन देतो, रेडिओ आणि टेप एकातच. आवाजही चांगला, कटकटही नाही. पण तुम्ही सांगितल्याशिवाय ते ऐकणार नाहीत."

आमचे शेठजी काउंटरवरून हे ऐकत होते. मारवाडी माणूस, तोंडात साखर. मला म्हणाले, "सर बरोबर बोलतायत, महाजन. त्याचे पार्ट तरी कुठे मिळतात आता? लिहून द्या."

पार्ट मिळत नव्हते हे खरं होतं. मुंबईहूनही नाही. मी जॉब कार्ड घेतलं आणि त्यावर लिहिलं, 'पार्ट उपलब्ध नाही. दुरुस्ती अशक्य.' खालचा पत्रा उघडलासुद्धा नाही. नाकाला एक ओळखीचा वास आला होता, सोल्डरिंग करताना येतो तसा. मला वाटलं, आधी कुणीतरी गावठी मेकॅनिकने यात हात घालून ठेवलाय. अशा मशीनचा मला मनापासून राग यायचा. दुसऱ्याने केलेली घाण निस्तरण्यात अर्धी नोकरी गेली माझी.

चेंजर दुकानातच पडून होता. चार दिवसांनी सर नानांना घेऊन आले, टू-इन-वन पसंत करायला. उंच, काटक म्हातारा. पांढरं धोतर, काळी टोपी. दोन्ही हात सतत थरथरत होते. कंपवात. पाण्याचा ग्लास दिला तर सरांनीच तो त्यांच्या तोंडाला लावला. त्या वेळी नानांनी मान दुसरीकडे वळवली होती.

शेठजींनी टू-इन-वन काउंटरवर मांडला, कॅसेट घातली. "हे बटण दाबा, नाना. बस्स."

नानांनी बोट नेलं. त्या काळच्या टेपची बटणं चांगली कडक असायची, खाली दाबून खट् आवाज येईपर्यंत जोर लावावा लागायचा. बोट बटणावर टिकेना. दोनदा घसरलं. मग त्यांनी तळहाताने दाबलं, तर तीन बटणं एकदम दबली, झाकण उघडलं आणि कॅसेट टुणकन बाहेर आली. शेठजी हसले, पण कुणीच साथ दिली नाही, तेव्हा त्यांनी कॅसेट उचलून परत आत घातली.

"सवय होईल," सर म्हणाले. "नाहीतर ही आहेच घरात. ती लावून देईल."

"आनि अर्धा घंटामा कॅसेट उलटी कोन करी?" नानांनी त्यांच्या अहिराणीत विचारलं.

मला तेव्हा कुठे उमगलं की हा म्हातारा चेंजरला का चिकटून बसलाय. सकाळी सून एकदा थप्पी लावून देत असे, दुपारी थप्पी उलटी करून देत असे. बाकी दिवसभर नाना स्वतःच्या मर्जीचे मालक. खटका सरकवायला बोटांची गरज नाही, मनगटानेही सरकतो. सुई टेकवायचं काम, जे त्यांच्या हाताने या जन्मी झालं नसतं, ते मशीन करायचं. आम्ही तिघं शहाणे मिळून नेमकं तेच काढून घ्यायला निघालो होतो. मला लाज वाटली, हे कबूल करतो.

नाना माझ्याकडे वळले. "मना मशीनना कोनता पार्ट नही मिळत, भाऊ?"

मी चाचरलो. "जुनं मॉडेल आहे, नाना. बरेच पार्ट..."

"उघाडीसन दखं का?"

उघडून पाहिलंच नव्हतं. मी नकारार्थी मान हलवली.

"मी चाळीस वरीस जीनमा फिटर व्हतू," नाना म्हणाले. "उघाडाशिवाय कोनतंच मशीन मरनं असं मी कधी सांगं नही. उघाड. माले दखाड."

जीन म्हणजे जिनिंग फॅक्टरी. कपाशीतून सरकी वेगळी करणारी यंत्रं एका लांबलचक शाफ्टवर, पट्ट्यांनी फिरायची. शिरपूरकडच्या अशा एका जीनमध्ये नानांनी आयुष्य काढलं होतं. फिटर माणसाला फसवणं कठीण. शेठजींनी डोळ्यांनी मला काहीतरी खुणावलं, मी न पाहिल्यासारखं केलं. सरांना शाळेच्या वह्या घ्यायला चार नंबरच्या गल्लीत जायचं होतं. "तोवर होऊ द्या त्यांचं समाधान," म्हणून ते निघून गेले.

नानांना मी मागे वर्कशॉपमध्ये नेलं, स्टूल दिलं. थाळी उचलली आणि आतलं सगळं त्यांच्यासमोर उघडं केलं.

मोटरची फिरकी आणि थाळीची आतली कड यांच्यामध्ये एक रबरी चाक असतं. मोटर चाकाला फिरवते, चाक थाळीला. रेकॉर्ड वाजते तेव्हा चाकावर फारसा भार नसतो. पण रेकॉर्ड बदलायची वेळ झाली की थाळीलाच एक मोठं दातेरी चक्र फिरवावं लागतं, तेच आर्म उचलतं, तेच पुढची रेकॉर्ड पाडतं. तिथे भार वाढतो. चाक घसरलं की सगळं मधेच अडकतं. इथपर्यंत माझा अंदाज होताच. पण आत जे दिसलं ते मी कधी पाहिलं नव्हतं. चाकावर पिवळट कडक थर. थाळीच्या कडेला तोच थर, ठिकठिकाणी फुगलेला. दातेरी चक्राच्या ग्रीसमध्ये तर मधासारखा चिकट गोळा झालेला. बोट लावलं तर निघेना.

"कुणी गाढवाने केलंय हे," मी म्हणालो. "सोल्डरिंगची राळ आत ओतलीय."

नाना वाकून बघत होते.

"हाई राळ मीच टाकेल शे," ते म्हणाले.

मी जीभ चावली.

"जीनमा पट्टा सरकना का राळ टाकतस. चालता पट्टावर, चिमूटभर. पट्टा लगेच पकड लेस." त्यांनी दोन बोटं जुळवून दाखवायचा प्रयत्न केला. बोटं जुळली नाहीत. "हाई चाक सरकी राह्यनं व्हतं. मी वळखं. फटमातून चिमूटभर टाकी. आठ दिन मस्त चालनं. परत सरकनं, परत टाकी."

निदान अगदी बरोबर होतं. चाक घसरतंय हे म्हाताऱ्याने झाकण न काढता, नुसत्या आवाजावरून ओळखलं होतं. औषध पट्ट्याचं होतं, एवढीच चूक. चामड्याच्या पट्ट्याला राळ चालते. रबरी चाकावर तिचा काचेसारखा थर बसतो आणि चाक आणखीच घसरतं. त्यात थरथरत्या हातातून चिमूट चाकावर थोडी आणि बाकीच्या मशीनवर जास्त पडली. वर आमच्याकडचा मे. राळ पत्र्याखाली मऊ पडली, ग्रीसमध्ये मिसळली आणि दातेरी चक्राला चिकटून बसली.

"माझं चुकलं नाना, गाढव म्हणालो ते," मी म्हणालो.

"बरोबर बोलनात तुम्ही. जीनमा कोनी असं करतं तर मी बी हाईच बोलतू. आते नीट करा. स्पिरिट लावा. राळ स्पिरिटमा इरघळस. टर्पेंटाइन नका लावू, रबर फुगी."

मी टर्पेंटाइनचीच बाटली उचलली होती. ती गुपचूप खाली ठेवली.

दीड तास आम्ही काम केलं. आम्ही म्हणजे हात माझे, हुकूम त्यांचे. दातेरी चक्र सुटं करून स्पिरिटने धुतलं, नवं ग्रीस लावलं, तेही अगदी बेताचं. थाळीची कड पुसून कोरडी केली. चाक साफ झालं, पण रबर गुळगुळीत, कडक राहिलं. मी ते हातात घेऊन विचार करत बसलो. नवं मिळणार नव्हतं.

"आमना रोलर असाच चिकना व्हतस," नाना म्हणाले. "मंग कपाशी धरत नही. रोलरले खरबडीत करनं पडस."

चाक मी ड्रिलमध्ये अडकवलं, हळू फिरवलं आणि बारीक पॉलिश पेपर धरला. वरचा मेलेला थर निघाला, खालून काळं, मऊ रबर आलं. पुढे मी अशी पन्नास चाकं वाचवली असतील. ही युक्ती मी कुठल्याही कोर्समध्ये शिकलो नव्हतो.

मशीन जोडलं. सहा जुन्या रेकॉर्डी दांड्यावर लावल्या. नानांनी मनगटाने खटका सरकवला. रेकॉर्ड पडली, आर्म आला, सुई टेकली. कव्वाली सुरू झाली. रेकॉर्ड पूर्ण संपायची वाट न बघता मी नानांना बदलायचा खटका पुन्हा पुन्हा ओढायला लावला, सहाच्या सहा रेकॉर्डी पाडल्या. आर्म एकदाही थांबला नाही. सहावीनंतर तो आपणहून जागेवर जाऊन बसला आणि मोटर बंद झाली. नाना खूश झाले की नाही, चेहऱ्यावरून कळलं नाही. त्यांनी चाकाचं रबर पुन्हा गुळगुळीत होऊ नये म्हणून काय करायचं एवढंच विचारलं.

मग सर येण्याआधी नाना म्हणाले, "सुरेशले राळनं सांगू नका. त्याले समजनं तर तो मशीनले मना हात लागू देवाव नही. मंग दिवसभर सूनले हाका मारत बसनं पडी."

त्या एका मशीनपायी मला तिघांनी खोटं बोलायला सांगितलं होतं. सरांनी, शेठजींनी आणि नानांनी. पहिल्या दोघांसाठी मी जॉब कार्डावर खोटं लिहिलंही होतं. सर आले तेव्हा नानांसाठीही बोललो.

"उन्हाळ्याने ग्रीस सुकून घट्ट झालं होतं. साफ केलंय. पार्टची गरज नाही पडली."

सरांनी चेंजर चालू करून पाहिला. माझ्याकडे पाहिलं, नानांकडे पाहिलं, गोधडी उचलली. शेठजींनी टू-इन-वन परत खोक्यात घातला. ते दोघं गेल्यावर म्हणाले, "महाजन, हे दुकान आहे की धर्मशाळा?" पण नोकरीवरून काढलं नाही. तसे ते मनाने वाईट नव्हते.

दिवाळीनंतर सर एकटेच आले. सुई हवी होती. जुनी सोबत आणली होती. मी ती भिंगाखाली धरली. टोक पार चपटं झालं होतं. रोज पाच-सहा तास वाजल्याशिवाय सुईची अशी गत होत नाही.

"मिस्तरी," सरांनी विचारलं, "उन्हाळ्यात ग्रीसला राळेचा वास येतो का हो?"

मी सुई शोधण्यात गुंतल्यासारखं केलं.

"फिटरचा मुलगा आहे मी. एसटीत मांडीवर घेऊन आलो होतो मशीन, तेव्हाच वास आला होता. पण म्हटलं, आपण कशाला बोला."

"मग बोलला का नाहीत नानांना?"

"काय बोलणार? राळेचा डबा मी शाळेत नेऊन ठेवलाय. त्यांनी दोन दिवस शोधला. मला विचारलं नाही, मीही सांगितलं नाही." नवी सुई त्यांनी रुमालात बांधली. "हाका बंद झाल्या आता. बायको उलट मधेच खोलीत डोकावून येते, एवढे शांत कसे म्हणून. तर ते म्हणतात, कशाला आलीस, गाणं चालू आहे."

पुढे मी स्वतःचं दुकान काढलं, जळगावला. चेंजर गेले, टू-इन-वनही गेले. दुरुस्तीला मशीन घेऊन येणारा एक असतो आणि घरी ते वापरणारा बऱ्याचदा दुसराच असतो, हे मात्र तेव्हापासून डोक्यात पक्कं बसलं. म्हणून 'होत नाही' म्हणायची वेळ आली की मी आधी एकच विचारायचो, हे वापरतं कोण? त्यांना घेऊन या, मग उघडू. काही गिऱ्हाइकं यावर चिडून दुसरीकडे गेली. जाऊ दे म्हटलं.