कॅरिअरची पट्टी

अकोल्याच्या दाळमिलमंदी मी दाळ निवडाले जाये, सायकलनं. सायकल माहेरची, लेडीज, मांगचं कॅरिअर तुटलेलं. डब्याची पिशवी हँडलले लटकवली की गुडघ्याले लागे, मंग चाकात जाये, मंग मी पडो. म्हनून नवं कॅरिअर बसवलं. दुकानदारानं जुन्या ट्यूबची काळी पट्टी कापून देल्ली, "डबा यानं आवळजा बाई, खड्ड्यातबी हालनार नाही."

थोडेच दिवस झाले न पट्टी गायब. संध्याकाळी घरी आली त पट्टी माह्या पोरीच्या पायात. नुकतीच उभी राहाले लागली होती ते. एक टोक घोट्याले, दुसरं खाटीच्या पायाले. घोटा निळा पडला होता.

"आत्या, हे काय केलं व?"

सासू म्हने, "मंग काय करू? चुलीत पडली असती त मलेच खाल्लं असतं तुनं. वासराले बांधतेत, ते मरते का?"

नवरा जेवून राहिला होता, हासला. "रबरच त हाये. तुह्या राणीले सोन्याची साखळी पाह्यजे होती का?"

मी पोरीचा घोटा सोडवला. त्याचा हात लवकर उठते न, मले भेव लागते. पन ठरवलं, पोरीले आता संगच नेतो.

दुकानदाराले लेकराची खुर्ची मांगतली. त्यानं सांगतलं, समोरची खुर्ची दांड्यावर बसते, लेडीज सायकलले दांडा कुठी? मांगंच बसवा लागते, कॅरिअरवर, अन् चाकाले दोन्हीकून जाळी, नाही त पाय तारांत जाते. डबा समोर बास्केटमंदी. बाजूले पंक्चर काढाले आलेला एक गिऱ्हाईक म्हने, "बाईनं सायकलचं पाळनाघर केलं, लेका!" मी आयकलंच नाही. जाळी हालवून पाह्यली, चप्पल काढून माह्याच पायाची बोटं घालून पाह्यली, जात नव्हती. खुर्ची जुनी भेटली, पट्टा तुटलेली.

सकाळी नवरा बाहेर गेला न मी पोरीले खुर्चीत बसवलं. मिलचा मुकादम पोरीले पाहून गेटवरून हाकलीन का काय, ते बी मालूम नव्हतं. तिले बांधू कशानं? घाईघाईत तेच पट्टी उचलली, कमरेले आवळाले.

पट्टी दिसली न पोरीनं आपला पाय पुढं केला.

रडली नाही. चप्पल घालाले करते तसा केला, अन् माह्याकडं पाहे.

सासू दारात होती, तोंडाले पदर लावून हासली. "पाह्य, माह्यापाशी राहून पोरगी शिकली. तू कवा शिकशीन?"

मी पट्टी नालीत फेकली. ओढनीनं खुर्चीतल्या पोरीले माह्या पाठीले बांधलं, टोकं चाकात जाऊ नये म्हनून कमरेत खोसली. निंघाली. रस्ताभर मांगं हात नेऊन चाचपो. मिलचं गेट आलं तरी तिनं पाय तसाच पुढं धरला होता.