चंद्रावतीचं तिसरं वाक्य

कामोठ्यात तांदळाच्या भाकरी पुरवणाऱ्या चंद्रावती घरत कुणाच्या बापाला घाबरत नसत. फक्त फोनवर कुणी इंग्रजीत ऑर्डर दिली की त्यांची बोलती बंद व्हायची. म्हणून शेहेचाळिसाव्या वर्षी, दोन हजार नऊ साली, त्यांनी जवळच्याच सेक्टरमधल्या समृद्धी टीचरच्या क्लासला नाव घातलं.

टीचरचा नियम कडक होता. आठवड्याला एकच क्रियापद, पण त्याची तीन वाक्यं स्वतःच्या घरातली, आणि खरी. ‘परसुएड’ मिळालं त्या आठवड्यात चंद्रावतींनी गॅसवाल्याला पटवून सिलिंडर चौथ्या मजल्यावर चढवून घेतला होता आणि मग वाक्य लिहिलं होतं. बाई काम अर्धवट सोडणाऱ्यातली नव्हे!

श्रावणात त्यांच्या वाट्याला ‘रिलिंक्विश’ आलं. त्यांनी लिहिलं, मी रद्दी रिलिंक्विश केली. टीचरने काट मारली. मग लिहिलं, मी साखर रिलिंक्विश केली. पुन्हा काट.

“सोडणं म्हणजेच ना?” चंद्रावती वैतागल्या.

“नुसतं सोडणं नाही, काकू. जे हक्काने आपलं आहे, ते आपल्या मर्जीने सोडणं. हक्क, ताबा, असं काहीतरी. जे आपलं नाहीच, ते रिलिंक्विश करता येत नाही.”

तिसरी ओळ कोरीच राहिली.

रविवारी माहेरच्या कोन गावाहून धाकटा भाऊ काशीराम आला. हातात साडी, मिठाईचा पुडा आणि एक कागद. वडिलांच्या, सरकारने घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळालेला प्लॉट बिल्डरला द्यायचा होता. अशा वेळी बहिणींनी सही करायची, भावाने साडी द्यायची, ही गावाची जुनी रीत. थोरल्या मैनाताईंनी कागद न बघताच सही केली होती.

“इथं कर, ताई. वकिलानं इंग्लिशमदी केलाय. तुला काय कळायचा नाय.”

एवढं ऐकल्यावर चंद्रावतींनी चष्मा लावला. बोट ओळीओळीवरून सरकत गेलं आणि एका शब्दावर थांबलं. तोच तो, वहीतला.

“काशीराम, या प्लॉटात माझा हिस्सा हाय का?”

“तुझा कसला हिस्सा? तू दिल्या घरची. नुसती सही पायजे.”

“माझा नाय, तर मी सोडू काय?”

काशीरामने पेन त्यांच्या हातात कोंबलं. सही नाकारून माहेर तुटलेल्या दोन बायका चंद्रावतींच्या ओळखीत होत्या. या भावाला त्यांनी कडेवर घेऊन वाढवलं होतं. तो दारात यायचा थांबला तर प्लॉट घेऊन काय करायचं? तरी त्यांनी पेन खाली ठेवलं.

“पैला तुज्या तोंडान बोल, हिस्सा माझा हाय. मंग द्यायचा का ठेवायचा, ते मी बघीन.”

तो कागद घेऊन उठला. साडीही उचलायला लागला, तशी त्यांनी त्याच्या हातावर हात ठेवला.

“ती ऱ्हाऊदे. भावानं आणलीय.”

दोन दिवस फोन नाही. चंद्रावतींच्या भाकरी करपल्या, गिऱ्हाइकांनी तक्रारी केल्या, त्यांनी गिऱ्हाइकांनाच झापलं. बुधवारी सकाळी फोन वाजला. काशीराम बराच वेळ पावसापाण्याचं बोलला. मग म्हणाला, “ताई, तुझ्या हिश्शाचा बोलायला कवा येऊ?”

संध्याकाळी चंद्रावती ती नवी साडी नेसून क्लासला गेल्या आणि खणखणीत आवाजात तिसरं वाक्य वाचलं, “आय कॅन रिलिंक्विश माय शेअर.”

समृद्धीने पेन्सिल उचलली, पण काट मारायला जागा नव्हती. हळूच तिने विचारलं, “मग सोडलात का, काकू?”

“अजून काय ठरवला नाय,” चंद्रावती वही मिटत म्हणाल्या. “पन आता सोडता येतो.”