नोंद नसलेल्या चार ओळी

जालन्यातल्या एका खाजगी बियाणे तपासणी प्रयोगशाळेत मी संगणक सांभाळतो. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी लिनक्स सर्व्हर अपडेट करायचा आणि तो जे जे सांगेल ते वहीत उतरवायचं, ही माझी पद्धत. त्या शनिवारी प्रोग्रॅमची सदतीस पॅकेजं बदलणार होती, दोन नवी येणार होती, एकही जाणार नव्हतं. आकडे बरोबर होते. मी होकार दिला.

मध्येच सर्व्हर थांबला. उगवण कक्षाच्या तापमानावर लक्ष ठेवणाऱ्या प्रोग्रॅमची सेटिंगची फाइल कुणीतरी हाताने बदललेली आहे. ती ठेवू की नवी घालू, असं विचारत होता. नुसतं एंटर दाबलं असतं तर जुनीच राहिली असती. मी दोन्हींतला फरक काढून पाहिला. जुनीत चार ओळी जास्तीच्या होत्या. वहीची सगळी पानं चाळली, त्यांची नोंद कुठेच नव्हती. नोंद नाही ते ठेवायचं नाही, असं मी घरीही वागतो. नवी फाइल घातली.

रविवारी कक्षाचं कूलिंग बंद पडलं, आतले दिवे मात्र चालूच राहिले. सोमवारी सकाळी आत सत्तेचाळीस अंश होते. टेंभुर्णी गावच्या एका घरातली जुन्या वाणाची तूर आत होती. भुंगा लागलेली वगळून तीनशे बारा दाणे उरले होते. ते सगळेच आमच्या तंत्रज्ञ ताईंनी ओल्या कागदात घातले होते; रोपं पिशव्यांत लावून बी वाढवायचं होतं. त्या घरात आता तिचा एकही दाणा नव्हता.

"उन्हाळ्यात दोनदा मोबाईलवर मेसेज आल्ता," ताई म्हणाल्या. "या बारीला कसा न्हाई आला, भाऊ?"

त्या चार ओळी कक्ष तापला की मेसेज पाठवणाऱ्याच होत्या. माझ्या आधीच्या माणसाने लिहिलेल्या. मी ते सांगितलं.

"काढायच्या आधी मशीननं काही इचारलं न्हाई का?"

"विचारलं होतं."

"मंग मला इचारायचं. मी शेजारच्याच खोलीत होते."

जुनी फाइल सर्व्हरने बाजूला जपून ठेवली होती. ओळी परत घालायला मला मिनिटभरही लागलं नाही.

तरीही ताईंनी सहा दिवस वाट पाहिली. सहाव्या दिवशी कागद उलगडले तेव्हा आंबूस वास आला. दाणे बोटांना चिकटत होते. त्यांनी एकेक दाणा चिमटीत धरून पाहिला, तीनशे बाराही. मग हात धुतले आणि टेबलावरचा फोन माझ्यापुढे सरकवला.

"टेंभुर्णीला तुम्ही सांगा."

मी नंबर लावला. पलीकडून आधी विचारणा झाली ती किती रोपं आली याचीच.